प्रयोगशील कथन आणि वाचकाचा वाटा : चार मराठी कादंबऱ्यांच्या आधारे

प्रस्तावना

मराठी कादंबरीविषयीच्या चर्चेत 'प्रयोगशील' हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. कथानक सरळ नसले, निवेदन तुटक असले किंवा भाषा परिचित वळणाची नसली की त्या कृतीला प्रयोगशील म्हणून आपण मोकळे होतो. या विशेषणात कधी गौरव असतो, तर कधी 'सामान्य वाचकासाठी नव्हे' अशी सूचनाही असते. दोन्ही वेळा चर्चा लेखकाभोवती फिरते. त्याने काय नवे केले, कोणता संकेत मोडला, त्याच्यावर कोणाचा प्रभाव पडला, हे प्रश्न विचारले जातात. त्या नव्या रचनेमुळे वाचकाला कोणते वेगळे काम करावे लागते आणि ते केल्याने त्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) व 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०), किरण नगरकर यांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) आणि श्याम मनोहर यांची 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००६) या चार कादंबऱ्या आधाराला घेतल्या आहेत. कथनातील प्रयोग म्हणजे निवेदक आणि वाचक यांच्यातील कामाची फेरवाटणी होय, अशी या लेखाची भूमिका आहे. परंपरेने जे काम निवेदक करीत आला, त्यातील काही भाग प्रयोगशील लेखक वाचकाकडे सोपवितो. हे सोपविणे सार्थ झाले की नाही, यावर प्रयोगाचे यशापयश ठरते. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या भूमिकेला महत्त्व आहे, कारण वाचकाकडे सोपविलेले नेमके तेच काम आपल्या वर्गात पुष्कळदा त्याच्या हातून काढून घेतले जाते.

निवेदकाची कामे आणि वाचकाच्या अपेक्षा

कोणत्याही कथनात निवेदकाला काही मूलभूत कामे करावी लागतात. घटनांना क्रम लावणे हे पहिले काम. कोणत्या घटनेला किती महत्त्व द्यावयाचे हे ठरविणे दुसरे. पात्रांच्या वागण्याचा अर्थ सुचविणे किंवा त्यांच्याविषयी काही निवाडा करणे तिसरे. आपण सांगतो ते विश्वसनीय आहे, अशी हमी देणे चौथे. आणि कथेला शेवट देऊन वाचकाला तिच्यातून बाहेर आणणे, हे पाचवे. वास्तववादी कादंबरीचा निवेदक ही पाचही कामे स्वतःच करतो, म्हणून वाचकाला 'पुढे काय झाले' या एकाच प्रश्नावर लक्ष ठेवून वाचन करता येते.

अर्थात, ही व्यवस्था कायमची नसते. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. आधीच्या वाचनातून वाचकाच्या मनात साहित्यकृतीविषयी काही अपेक्षा तयार झालेल्या असतात आणि नवी कृती त्या पुऱ्या करते किंवा त्यांना धक्का देते, असे तिचे स्वरूप आहे. या दृष्टीने पाहता आज अगदी सरळ वाटणारी कृतीही तिच्या काळात प्रयोग ठरू शकते. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू स्वतःच्या तोंडून आपली कहाणी सांगते, हा त्या काळच्या वाचकाच्या अपेक्षांना मोठा धक्का होता. जिच्याविषयी समाज बोलत होता तीच बोलू लागली, आणि निवाडा करण्याचे काम वाचकाकडे आले. पुढे बा. सी. मर्ढेकर यांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीत संज्ञाप्रवाही पद्धत योजली, तेव्हा विचारांच्या तुकड्यांतून संगती लावण्याचे काम वाचकाला करावे लागले.

त्याहून मागे गेले तरी असे उदाहरण सापडते. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी अनेकांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. या ग्रंथाच्या परंपरेत काही लीळांचे पाठभेद, ते कोणाकडून आले याच्या निर्देशासह, नोंदविलेले आढळतात. त्यामागील हेतू अर्थातच साहित्यिक प्रयोगाचा नव्हता. श्रद्धेय वचन जसेच्या तसे जपावे, हा होता. तथापि एकाच घटनेचे दोन पाठ वाचकासमोर ठेवण्याची रीत मराठी गद्याला आरंभापासून माहीत होती, हे यावरून दिसते. त्यामुळे कथनातील प्रयोग म्हणजे केवळ पाश्चात्त्य आयात, ही समजूत तपासून घ्यावी लागते. १९६३ मध्ये अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्तासार याने १५५ प्रकरणांची एक कादंबरी लिहिली. तिचा एक वाचनक्रम ७३ व्या प्रकरणापासून सुरू होतो आणि कोणता क्रम घ्यावयाचा हे वाचकाने ठरवावयाचे असते. त्याच वर्षी 'कोसला' प्रसिद्ध झाली. या दोन कृतींचा परस्परांशी संबंध नाही. वाचकावर काम सोपविण्याची गरज मात्र दोन्हीकडे जाणवली होती.

रसविघ्न आणि रिक्त जागा

वाचकाला अडविणारी, संभ्रमात टाकणारी रचना त्याच्या आस्वादाला पोषक कशी ठरेल, असा आक्षेप येथे घेता येईल. आपल्या परंपरेत या आक्षेपाला भक्कम आधार आहे. दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत स्फुटत्वाभाव, म्हणजे प्रतीती स्पष्ट नसणे, आणि संशययोग, म्हणजे अर्थाविषयी संशय उत्पन्न होणे, ही दोन विघ्ने आहेत. आधुनिक कथनप्रयोग नेमक्या याच दोन गोष्टींचा जाणीवपूर्वक उपयोग करतात.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, अभिनवगुप्ताचे विवेचन प्रयोगरूप नाट्याच्या संदर्भातील आहे. रंगमंचावरील क्षण निघून गेला की प्रेक्षकाला तो मागे वळून पाहता येत नाही. कादंबरीचा वाचक थांबू शकतो, पाने मागे उलटू शकतो, तोच परिच्छेद पुन्हा वाचू शकतो. म्हणून नाट्यात जे विघ्न ठरते ते ग्रंथवाचनात साधन होऊ शकते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. त्याच सात विघ्नांमध्ये निजसुखादिविवशीभाव हेही एक आहे. आस्वादक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून गेला तर त्याला रसप्रतीती होत नाही. नायकाशी सहज समरस होऊ देणारे कथन पुष्कळदा या विघ्नाला वाट करून देते. वाचक नायकाच्या निमित्ताने स्वतःसाठीच रडतो. प्रयोगशील कथन संशयाचे लहान विघ्न उभे करून आत्ममग्नतेचे हे मोठे विघ्न दूर करू पाहते, असे म्हणता येईल.

पाश्चात्त्य विचारात याच प्रक्रियेचे वर्णन वेगळ्या परिभाषेत झाले आहे. व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकाने १९१७ मध्ये अपरिचितीकरणाची कल्पना मांडली. सवयीने बोथट झालेली जाणीव पुन्हा जागी करण्यासाठी कला परिचित वस्तू अपरिचित करते व आकलन लांबविते, असे त्याचे प्रतिपादन होते. वोल्फगांग ईझर याने १९७० च्या दशकात संहितेतील रिक्त जागांकडे लक्ष वेधले. संहिता जे सांगत नाही ते वाचक आपल्या कल्पनेने भरून काढतो आणि या भरून काढण्यातूनच कृती पूर्ण होते, असे त्याचे मत आहे. वेन बूथ याने १९६१ मध्ये मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पनाही याच विचाराशी जुळणारी आहे.

वाचनाच्या प्रत्यक्ष प्रक्रियेविषयी मानसशास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. डेव्हिड मायल आणि डॉन क्विकन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भाषिकदृष्ट्या उठावदार भाग वाचक अधिक सावकाश वाचतात आणि ते त्यांना अधिक लक्षवेधी व भावनोत्कट वाटतात, असे आढळले. त्याच वर्षी रॉल्फ झ्वान यांनी एकच मजकूर काही वाचकांना बातमी म्हणून, तर काहींना साहित्य म्हणून वाचावयास दिला. साहित्य समजून वाचणाऱ्यांनी अधिक वेळ घेतला. त्यांना शब्दरूप अधिक चांगले आठवले, पण वर्णिलेल्या परिस्थितीचे चित्र तुलनेने कमी पक्के राहिले. म्हणजे वाचनाची वृत्ती बदलली की लक्ष 'काय झाले' यावरून 'कसे सांगितले' याकडे सरकते.

या निष्कर्षांचा आधार घेताना मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. हे अभ्यास मराठीबाहेरील वाचकांवर आणि लहान मजकुरांवर झालेले आहेत. शिवाय या क्षेत्रात घाईने केलेली विधाने टिकत नाहीत. साहित्यिक कथा थोडा वेळ वाचल्यानेही इतरांचे मन ओळखण्याची क्षमता वाढते, असे एक संशोधन २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले व ते फार गाजले. परंतु २०१६ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्तपासण्यांत तो परिणाम पुन्हा आढळला नाही. तेव्हा प्रयोगशील साहित्य वाचल्याने माणूस अधिक चांगला होतो असा दावा करणे योग्य नाही. वाचनाची गती, लक्ष आणि वाचक करीत असलेले काम यांत बदल होतो, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते. हा बदल चार कादंबऱ्यांत कसा घडतो ते आता पाहू.

'कोसला' : निवाड्याचे काम

'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. खानदेशातील सांगवी या गावाहून तो शिक्षणासाठी पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, नाना उद्योगांत पडतो, परीक्षेत अपयशी होतो आणि गावी परततो. कथानक एवढेच. पण कादंबरी वाचणाऱ्याला हे कथानक मुख्य वाटत नाही. रोजनिशीच्या नोंदी, भविष्यकाळातील संशोधकांच्या थाटात केलेले वर्तमानाचे उपरोधिक वर्णन, गप्पा आणि आठवणी अशा वेगवेगळ्या रीतींनी निवेदन चालते. त्याच्या साध्या, छोट्या वाक्यांचे महानुभाव गद्याशी असलेले नाते समीक्षकांनी दाखविले आहे.

या निवेदनात 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द सतत येतात. त्यांचे कार्य नीट पाहण्यासारखे आहे. 'वगैरे' हा शब्द यादी संपल्याचे सांगत नाही, तर ती अपुरी ठेवतो. भावनेला किंवा मोठ्या शब्दाला 'वगैरे' जोडला की वक्ता त्या भावनेपासून एक पाऊल मागे सरतो आणि उरलेले श्रोत्यावर सोडतो. पांडुरंग हे सारखे करतो. वाचक आधी हसतो. मग त्याच्या ध्यानात येते की हा निवेदक जे झटकून टाकतो त्याच गोष्टी त्याला सर्वाधिक सलत असाव्यात. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग येतो तेव्हा सगळे काही क्षुल्लक ठरविण्याची ही सवय पुरी पडत नाही. तोवर उपहासाची सवय झालेल्या वाचकाला निवेदकाच्या आधी हे जाणवते. शोक शब्दांत मांडला जाण्यापूर्वी वाचकाने तो ओळखलेला असतो. हा परिणाम शोकाचे सविस्तर वर्णन करून साधला नसता.

येथे निवेदकाने निवाडा करण्याचे काम सोडलेले आहे. पांडुरंग स्वतःला निर्दोष ठरवीत नाही, तसेच दोषीही ठरवीत नाही. मग 'कोसला'चा सारांश काढला तर काय होते? खेड्यातील सुखवस्तू घरचा मुलगा, वडिलांनी दिलेला पैसा खर्च करून, शिक्षण अर्धवट टाकून परत येतो. हा सारांश घटनांच्या दृष्टीने चुकीचा नाही. पण तो पांडुरंगाच्या वडिलांच्या बाजूने काढलेला हिशेब आहे. ज्या दृष्टीविरुद्ध सारी कादंबरी बोलते त्याच दृष्टीने सारांश तिला पाहतो. निवेदनाची रीत काढून टाकली की केवळ शैली हरवते असे नाही. आशयच उलटा होतो.

'सात सक्कं त्रेचाळीस' : काळाच्या संगतीचे काम

किरण नगरकरांच्या कादंबरीचे नाव हाच वाचकासाठी पहिला अडथळा आहे. पाढे पाठ असलेल्या कोणत्याही मराठी वाचकाच्या जिभेवर 'बेचाळीस' येते आणि समोर 'त्रेचाळीस' असते. हिशेब जुळणार नाही, हे मुखपृष्ठावरच सांगितले जाते. कादंबरीचा निवेदक कुशंक आपल्या आयुष्यातील नाती, प्रेम, मृत्यू आणि दारिद्र्य यांचे प्रसंग कालक्रम न पाळता सांगतो. एक आठवण मध्येच तुटते, दुसरी सुरू होते. निवेदन मधूनच 'तू' असे संबोधू लागते, आणि हा 'तू' कोणाला उद्देशून आहे ते वाचकाला संदर्भावरून ठरवावे लागते.

'तू' या सर्वनामाचा परिणाम दुहेरी होतो. एकीकडे वाचकाला दोघांमधले खासगी बोलणे चोरून ऐकल्यासारखे वाटते. दुसरीकडे ते संबोधन क्षणभर त्यालाच लागू होते. अशा रीतीने तो परका आणि जवळचा या दोन भूमिकांमध्ये ये-जा करतो. काळाच्या तुटकपणाचा परिणाम याहून खोल आहे. घटना क्रमाने सांगितल्या की त्यांच्यात कार्यकारणभाव आपोआप उभा राहतो. आधी हे झाले, म्हणून नंतर ते झाले, असे वाचक मानू लागतो. दुःखाला कारण मिळते, कारणातून धडा मिळतो आणि धड्यातून समाधान. कुशंकाच्या कथनात हे समाधान नाकारलेले आहे. एक दुःख दुसऱ्याचे कारण म्हणून येत नाही. ती सारी शेजारी शेजारी असतात. संगती लावण्याचे काम वाचक करीत राहतो, आणि ती पूर्ण लागत नाही हेच अखेर त्याच्या प्रत्ययास येते. शीर्षकातील चुकलेला गुणाकार हा या अनुभवाचा सारा अर्थ आहे.

'उत्सुकतेने मी झोपलो' : प्रश्न विचारण्याचे काम

श्याम मनोहर यांच्या या कादंबरीस २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचा प्रयोग वरकरणी अडचणीचा वाटत नाही. वाक्ये अगदी लहान व सोपी असतात. माणसे आपल्या परिचयाच्या मध्यमवर्गीय घरांतील असतात. तरीही अनेक वाचक काही पानांनंतर अडखळतात, कारण कथेच्या मुख्य चालकशक्तीलाच लेखकाने हात घातलेला आहे.

कथा चालते ती उत्सुकतेवर. शीर्षकात उत्सुकता आणि झोप या दोन विसंगत अवस्था एकत्र आणल्या आहेत. उत्सुकता माणसाला जागे ठेवते, असा आपला समज आहे. मनोहरांच्या लेखनात 'पुढे काय?' या प्रश्नाची जागा 'म्हणजे काय?' हा प्रश्न घेतो. कुटुंब म्हणजे काय, ज्ञान म्हणजे काय, आपल्या घरात शोध घेण्याच्या वृत्तीला जागा आहे काय, असे प्रश्न वाचकाच्या मनात उभे राहतात. साधी विधाने इतक्या गांभीर्याने केली जातात की वाचकाला प्रथम हसू येते, मग थोडी चीड येते. आपण ज्या गोष्टी विचार न करता मान्य केल्या आहेत त्यांचाच येथे विचार चालू आहे, हे त्याला हळूहळू जाणवते. कथा पुढे सरकत नाही, ही वाचकाची तक्रार मग त्याच्याकडेच परत येते. मला कथाच का हवी होती, असा प्रश्न तो स्वतःला विचारू लागतो. येथे निवेदकाने उत्तर देण्याचे काम सोडले आहे आणि वाचकाला प्रश्नकर्ता केले आहे.

'हिंदू' : निवडीचे काम

'हिंदू'चा निवेदक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननावर असताना वडील अत्यवस्थ असल्याचे कळून तो मोरगावी परत येतो. या प्रवासाच्या निमित्ताने घराण्याच्या, गावाच्या, जातींच्या, स्त्रियांच्या, शेतीच्या असंख्य कहाण्या, आठवणी आणि बोली एकमेकींत मिसळत जातात. मूळ धागा वारंवार दिसेनासा होतो. विस्तार आणि विषयांतरे हा या कादंबरीवरील नेहमीचा आक्षेप आहे.

हा आक्षेप समजून घ्यावयाचा तर उपशीर्षकाकडे पाहावे लागेल. 'समृद्ध' आणि 'अडगळ' हे शब्द एकमेकांना खोडतात. घरातील अडगळ टाकून द्यावी की जपावी, हे तिच्याकडे पाहणाऱ्यावर अवलंबून असते. उत्खनन करणारा मात्र सापडलेली वस्तू लगेच मौल्यवान किंवा टाकाऊ ठरवीत नाही. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली, याची नोंद आधी करतो. 'हिंदू'चे कथन असे आहे. काय महत्त्वाचे, हे ठरविण्याचे निवेदकाचे काम येथे बरेचसे वाचकाकडे आले आहे. एवढा मोठा ऐवज समोर असताना वाचक काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो, यावरून त्याची परंपरेविषयीची स्वतःची निवड उघड होते. दोन वाचकांच्या आठवणीत राहिलेली 'हिंदू' सारखी नसते, ती यामुळेच.

प्रयोगाची कसोटी

वाचकावर काम सोपविले की प्रयोग यशस्वी झाला, असे मात्र नाही. केवळ दुर्बोधता हा गुण नव्हे. निवेदनाची मोडतोड केली, पण आत काही नव्हते, अशी उदाहरणे प्रत्येक वाङ्मयात असतात. मग सार्थ प्रयोग व निरर्थक प्रयोग यांत फरक कसा करावयाचा?

त्यासाठी एक साधी कसोटी सुचविता येईल. कृतीतील प्रयोग काढून टाकून तीच गोष्ट सरळ क्रमाने, विश्वसनीय निवेदकाकडून सांगितली आहे अशी कल्पना करावी आणि काय हरवले ते पाहावे. केवळ अडचण हरवली तर तो प्रयोग अलंकारापुरता होता. अर्थ हरवला किंवा उलटा झाला, तर प्रयोग आशयाचाच भाग होता. या कसोटीवर 'कोसला' सरळ केली तर ती वडिलांची कादंबरी होते. 'सात सक्कं त्रेचाळीस' क्रमाने लावली तर तिच्यातील दुःखांना खोटी कारणे मिळतात. 'उत्सुकतेने मी झोपलो'मध्ये उत्तरे घातली तर ती सुविचारांची वही होईल. 'हिंदू'तील अडगळ आवरली तर एका मुलाच्या घरी परतण्याची नीटनेटकी कथा उरेल, पण समृद्धी जाईल.

या कसोटीची आणखी एक बाजू आहे. वाचकाला काम देणाऱ्या लेखकाने ते करण्यासाठी पुरेशी साधनेही दिली पाहिजेत. 'कोसला'त पांडुरंगाचा विनोद वाचकाला धरून ठेवतो. मनोहरांची वाक्ये कोणालाही वाचता येतात. 'हिंदू'त बोलींचा आणि लोककथांचा ओळखीचा आवाज सोबत असतो. प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (साहित्य अकादमी पुरस्कार २०२२) या कादंबरीने कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाशी नाते जोडले, तेही या दृष्टीने लक्षणीय आहे. अपरिचित रचनेत परिचिताचा काही आधार असला की वाचक टिकून राहतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयात कादंबरी शिकविली जाते तेव्हा बहुधा आधी कथानक सांगितले जाते, मग व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली अशी घटकवार चर्चा होते. परीक्षेत 'कथानक थोडक्यात लिहा' असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी मार्गदर्शिकेतील चार पाने पाठ करतो. पारंपरिक रचनेच्या कादंबरीचे यात नुकसान होतेच. प्रयोगशील कादंबरीचे मात्र मूळच नाहीसे होते, कारण वाचकाने जे करावयाचे ते सर्व त्याच्यासाठी आधीच करून ठेवलेले असते. संगती लावून दिली जाते, निवाडा सांगून टाकला जातो, रिक्त जागा भरल्या जातात. विद्यार्थी कादंबरीविषयी बोलू शकतो, परंतु ती त्याच्या बाबतीत घडलेली नसते. आज तर कोणत्याही पुस्तकाचा सारांश भ्रमणध्वनीवर क्षणात मिळू शकतो. सारांश सांगणे एवढेच अध्यापकाचे काम असेल तर त्याची गरज फार काळ उरणार नाही. सारांशात जे येऊ शकत नाही ते विद्यार्थ्याकडून करवून घेणे, हेच वाङ्मयाच्या अध्यापकाचे खरे कार्य ठरते.

या दृष्टीने काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. प्रस्तावना न करता कादंबरीचे एखादे पान वर्गात मोठ्याने वाचावे आणि कोण बोलतो, कोणाशी बोलतो, केव्हा बोलतो, एवढेच विचारावे. वाचताना आपण कोठे अडलो त्याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. त्या नोंदी अज्ञानाची खूण न मानता चर्चेचा आरंभ मानाव्यात. 'सात सक्कं त्रेचाळीस'मधील प्रसंगांचा कालक्रम फळ्यावर मांडावा आणि मग या क्रमाने वाचल्यास काय नाहीसे होते, याची चर्चा करावी. 'कोसला'तील एखादा उतारा तृतीयपुरुषी निवेदनात लिहून आणण्यास सांगावे आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवावेत. परीक्षेतही न शिकविलेला एखादा लहान उतारा देऊन त्यातील निवेदकावर कितपत विश्वास ठेवाल, असे विचारता येईल. अशा प्रश्नाचे ठरावीक उत्तर नसल्यामुळे गुणदान कठीण होते, हे खरे. परंतु त्याच कारणाने ते उत्तर विद्यार्थ्याचे स्वतःचे असते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. कथनातील प्रयोग हा निवेदक व वाचक यांच्यातील कामाच्या फेरवाटणीचा प्रकार आहे. निवाडा, काळाची संगती, प्रश्न व निवड ही कामे विवेचनासाठी घेतलेल्या चार कादंबऱ्यांत अनुक्रमे वाचकाकडे आलेली दिसतात.

२. प्रयोग सापेक्ष असतो. वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज बदलले की कालचा प्रयोग आजचा संकेत बनतो. मराठी गद्याच्या जुन्या परंपरेतही बहुपाठी कथनाची बीजे आढळतात.

३. भारतीय रसविचाराने विघ्न मानलेले संशय व अस्फुटता हे घटक ग्रंथवाचनात आत्ममग्नतेचे विघ्न दूर करण्याचे साधन होऊ शकतात.

४. प्रयोग काढून टाकल्यावर आशय बदलत असेल तरच तो सार्थ मानावा.

५. सारांशावर आधारलेले अध्यापन प्रयोगशील कादंबरीचा वाचकावरील परिणाम नष्ट करते. म्हणून वाचकाने करावयाचे काम विद्यार्थ्याला करू देणारी अध्यापनपद्धती आवश्यक आहे.

'कोसला' प्रसिद्ध होऊन साठ वर्षे उलटून गेली. तिच्यातील 'वगैरे' आता मराठी तरुणांच्या बोलण्यात मुरले आहे आणि तिचा बंडखोरपणा अभ्यासक्रमात स्थिरावला आहे. एखाद्या प्रयोगाला याहून मोठा सन्मान मिळत नाही, आणि त्याला याहून मोठा धोकाही नाही. पांडुरंग सांगवीकराविषयी काय मत करावयाचे, हे ज्या दिवशी विद्यार्थ्याला वाचण्यापूर्वीच ठाऊक असेल, त्या दिवशी ती कादंबरी केवळ पाठ्यपुस्तक झालेली असेल. तसे होऊ न देणे वर्गातील अध्यापकाच्या हाती आहे.